चौथी डबी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "लॅबमध्ये इतकी वर्षं काढलीत, तिथल्या गमतीजमती लिहा. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी हो म्हणालो. तेव्हा आधी गमती लिहितो. त्यानंतर जे लिहिणार आहे ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. आमच्या वहिनींची त्याला परवानगी आहे. त्यांनी मजकूर वाचला, शाळेतल्या सवयीप्रमाणे लाल पेनने वाचला, आणि "खोटं काही नाही" एवढंच म्हणून परत दिला.

म्हैसूरच्या नजरबाद भागात एका खासगी लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करतो, ते दर वेळी "हो डॉक्टर" म्हणतात. लोकांच्या शरीरातून जे जे बाहेर काढता येतं ते आमच्याकडे डबीत, बाटलीत किंवा काचपट्टीवर येतं. मी त्यावर रंग चढवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते.

गंमत म्हणाल तर एक गृहस्थ तपासणीसाठी शौचाचा नमुना मिठाईच्या खोक्यात घेऊन आले होते. खोक्याला रिबीन तशीच होती. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, मुलगी पास झाली असणार. तिने अभिनंदन केलं आणि खोका आमच्या चहाच्या टेबलावर ठेवला. गृहस्थांनीही "थँक्यू" म्हटलं. दुसरे एक निवृत्त हेडमास्तर लघवीच्या दोन बाटल्या आणत, एक कॉफीआधीची, एक कॉफीनंतरची. "तुलना करून मत द्या," असं बाटलीवर चिकटवलेलं असे. तीन वर्षं मी तुलना केली. फरक काही नव्हता. हे कळल्यावर ते जरा नाराज झाले आणि यायचे बंद झाले.

आता गाठीबद्दल. बाईच्या स्तनात गाठ लागली की ती सुईच्या तपासणीला येते. मॅडम एक बारीक सुई गाठीत घालून चिमूटभर पेशी किंवा थेंबभर पाणी ओढून घेतात. ते काचेवर पसरायचं, स्पिरिटमध्ये बुडवायचं, रंगवायचं. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण बाहेर बाकावर बसलेल्या बाईला ते माहीत नसतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसते. सव्वीस वर्षांत मी एकही बाई पाहिली नाही जिने त्या बाकावर बसून फोन बघितला.

पुष्कळ वर्षांपूर्वी सोसले गावाच्या बाजूची एक तरुण बाई आली होती. कडेवर मूल, सोबत नवरा. तिच्या काचपट्टीवर मला पेशींच्या मधोमध एक दोरा दिसला. कापसाचा धागा कधी कधी चिकटतो, म्हणून ती काच मी बाजूला ठेवायला निघालो. मॅडमनी ती उचलून बघितली आणि विचारलं, "रघुनाथ, कापसाला पेशींची केंद्रकं कधीपासून यायला लागली?" मी पुन्हा पाहिलं. तो हत्तीरोगाच्या जंताचा बारका जीव होता. हा जंत डासातून येतो, पाय सुजवतो आणि क्वचित असा भलत्याच जागी गाठ करून राहतो.

मॅडमनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कॅन्सर नाही?"

"नाही."

"किडा?"

"किडा."

"नुसता किडा?"

दुसऱ्या दिवशी तो रसबाळे केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन लॅबमध्ये आला. त्या दिवसापासून मी समजत आलो की गाठीत किडा निघणं ही चांगली बातमी असते.

आता वहिनींचं सांगतो.

मी लग्न केलं नाही. घरात आम्ही चौघं: आई, मोठा भाऊ अण्णा, सुधावहिनी आणि मी. वहिनी घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे त्या मला अजून रघूच म्हणतात. त्या येलवालजवळच्या एका शाळेत गणित शिकवतात. आमचं घराणं पेशव्यांच्या आधीपासून इथलं आहे असं आई सांगते. पुरावा कुणी मागितलेला नाही. घरात मराठी बोलतो, त्यात निम्मं कन्नड असतं आणि सोवळ्याला मडी म्हणतो. देवाचा नैवेद्य रोज मडीत व्हायचा. आईचे गुडघे गेल्यापासून भात आणि सारु, म्हणजे सार, वहिनींकडे होतं, कोसंबरी माझ्याकडे. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, वरून फोडणी. डाळ कच्चीच असते आणि ती हाताने कालवायची असते. अण्णा मला कोसंबरी डिपार्टमेंट म्हणायचा. तो स्वतः कच्चं खात नाही, आईला चावत नाही. उरलेली सगळी वहिनी डब्यात घेऊन जात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. साबणात चरबी असते, म्हणून मडीत साबण चालत नाही हा आईचा नियम. लॅबमध्ये मी दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुतो, येणाऱ्याजाणाऱ्याला धुवायला लावतो. घरी सकाळी शौचाला जाऊन आलो की अंगावर नुसतं पाणी ओतून, मडीचं धोतर नेसून, डाळीत हात घालत असे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. मडी म्हणजे स्वच्छ, हे मला लहानपणी शिकवलं होतं. स्वच्छ म्हणजे काय ते कॉलेजात शिकलो. दोन्ही परीक्षांत मी पास होतो.

एका शनिवारी वहिनी शाळेतून परस्पर लॅबमध्ये आल्या.

"रघू, एक गाठ लागलीय."

"कुठे?"

"जिथे लागलीय ते तुला सांगायला लाज वाटते, तिथे."

"अण्णाला सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं तर ते आधी रडणार, मग त्यांना सांभाळायचं काम मलाच. तू लॅबमधला. आधी काय ते कळू दे."

मॅडमनी सुई घातली. मी बाहेर उभा होतो. सुईतून पाण्यासारखं स्वच्छ पाणी आलं आणि त्यात एक पांढरा कण. मी काच रंगवली. लाटालाटांचा एक पापुद्रा दिसला, भोवती सूज आल्यावर जमतात त्या पेशी. सोनोग्राफीत पाण्याच्या फुग्यात एक ठिपका दिसला. ठिपका म्हणजे त्या जिवाचं डोकं.

"काय आहे हे, रघुनाथ?" मॅडमनी विचारलं.

"फीतकृमीचं पिल्लू, मॅडम. डुकराच्या."

बाहेर येऊन मी वहिनींना म्हणालो, "कॅन्सर नाही. जंताची गाठ आहे. औषधाने जाईल."

त्यांनी काउंटरवर डोकं टेकलं. हसत होत्या की रडत होत्या मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "नुसता जंत होय! मी मनातल्या मनात माझ्या साड्या वाटून टाकल्या होत्या. तुझ्या आईला निळी देणार होते."

याच्या पुढची गोष्ट मी त्यांना तिथेच सांगायला हवी होती. ती अशी. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याला बहुतेक वेळा काहीही होत नाही. पण त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. नीट न धुतलेल्या हातांतून ती दुसऱ्याच्या अन्नात गेली, तर त्या दुसऱ्याच्या अंगात अशा गाठी होतात. स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. स्तनात फार क्वचित. म्हणजे गाठ झालेल्या माणसाने डुक्कर खाल्लेलं असायलाच हवं असं नाही. ज्याने खाल्लं, त्याच्या हातचं खाल्लं तरी पुरतं.

आमचा एक्स-रे तंत्रज्ञ पोन्नप्पा कोडगूचा, म्हणजे कूर्गचा आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी मी त्याच्या जीपमधून त्याच्या गावी जायचो. घरी 'लॅबचा कॅम्प' सांगायचो. त्याच्या आईच्या हातची पांदी करी, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, चांगली तासन्तास शिजलेली असते, तिच्यावर मी ठपका ठेवत नाही. पण कॉफीच्या मळ्यात काटक्या पेटवून त्यावर तुकडे भाजले जायचे. पोन्नप्पा ओरडायचा, "अरे थांब, अजून लाल आहे!" मला थांबवत नसे. आठ वर्षं मी असा जात होतो.

तेव्हा काउंटरवर वहिनी हसत-रडत होत्या, त्याच क्षणी मला माहीत होतं.

घरी अण्णाने रिपोर्टमधला शब्द फोनवर शोधला आणि मोठ्याने वाचला. डुक्कर हा शब्द आला आणि आईच्या हातातली जपमाळ थांबली.

"अय्यो, हे काय वाचतोस?"

"लिहिलंय तसं वाचतोय, आई."

"आमच्या घरात डुक्कर कुठून येणार?" मग तिने वहिनींकडे पाहिलं. "सुधा, शाळेत कुणाच्या डब्यात हात घालतेस गं?"

वहिनी म्हणाल्या, "फिलोमिनाच्या. पण ती लिंबूभात आणते."

"तिच्या घरी खातात की नाही?"

वहिनींनी रिपोर्टची घडी घातली. फिलोमिना त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवते. दोघी दहा-बारा वर्षं एका बाकावर डबा खात होत्या. अण्णा माझ्याकडे वळला. "रघू, तू सांग. कशातून येतं हे?"

मी म्हणालो, "कच्च्या भाजीपाल्यातून येऊ शकतं."

हे खोटं नव्हतं. मी ते अर्धवट सोडलं आणि जेवायला बसलो.

आई म्हणाली, "भाजीपाला सगळ्यांनीच खाल्ला. झालं एकटीला." त्या दिवसापासून वहिनींना मडीतून काढलं. त्या जेवणाच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. भात-सारु माझ्याकडे आलं. म्हणजे घरातला सगळा नैवेद्य मी करू लागलो.

मॅडमनी सांगितलं, घरातल्या चौघांच्याही शौचाची तपासणी करायची, वाहक कोण ते कळलं पाहिजे. "आणि घरचा मामला आहे, तेव्हा काचा मी बघणार, तू नाही." आमच्या लॅबमध्ये तसा नियमच आहे. मी चार डब्या घरी नेल्या, नावं घातली. सकाळी त्या घेऊन सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचलो. आधी माझी डबी उघडली, एक काच केली. अंडी होती. गोल, जाड सालीची, सालीवर आऱ्यांसारख्या रेघा. नुसत्या अंड्यांवरून कोणत्या प्राण्याचा कृमी हे ठरत नाही. पण दुसऱ्या प्राण्याचं मी कधी खाल्लेलं नाही, तेव्हा शंकेला जागा नव्हती.

मी ती काच फिनाइलमध्ये बुडवली. माझी डबी फेकली. नवी डबी घेतली, अण्णाच्या डबीतलं अर्धं तिच्यात घातलं आणि तिच्यावर माझं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

चारही नमुने निर्दोष, असा रिपोर्ट आला. त्यावर मॅडमची सही आहे. डॉक्टरला न विचारता मी कृमीची गोळी घेतली. तीन दिवसांनी, मग महिन्याने पुन्हा तपासलं, अंडी नव्हती. माझ्यापुरता विषय संपला.

वहिनींच्या मेंदूचा स्कॅन झाला. तिथेही गाठी निघाल्या असत्या तर झटके आले असते, आणखी काहीही झालं असतं. स्कॅनच्या खोलीबाहेर मी दीड तास बसलो होतो आणि कॅलेंडरकडे बघत होतो. स्कॅन स्वच्छ निघाला. गोळ्या सुरू झाल्या, गाठ लहान होत गेली. आईने मात्र काही परत घेतलं नाही. पाहुणे आले की ती सांगायची, "पाप, बिचारी बाहेर खाते ना, काहीतरी पोटात गेलं." पाप म्हणजे आमच्या कन्नडात बिचारी; तिचा स्वर मायेचा असायचा. वहिनी ताटाकडे बघत बसायच्या.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी वहिनींनी भरलेला डबा तसाच परत आणला आणि सिंकमध्ये ओतला. मी विचारलं तर म्हणाल्या, "फिलोमिनाने दुसऱ्या शाखेत बदली मागितलीय. मला विचारलं, सुधा, मी काय केलं ते तरी सांग. मी काय सांगू तिला? तुझ्या डब्यात डुकराचा किडा होता, असं सांगू?"

"तुम्ही तिच्याशी बोलत नाही?"

"बोलते. पण बाक बदलला."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि येलवालला गेलो. डब्याच्या सुटीत वहिनी शाळेच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आईला काही झालं. मी म्हणालो, आई ठीक आहे. मग सगळं सांगितलं: पोन्नप्पाचं गाव, कोसंबरी, डबी. सांगायला तीन-चार मिनिटं लागली असतील. मुलं अंगणात पळत होती.

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी विचारलं, "चौथ्या डबीत काय भरलं होतंस?"

"अण्णाचं."

"चार माणसं, चार डब्या, चारही साफ. मी तेव्हाच म्हटलं, हे गणित बसत नाही."

"तुम्हाला माझी शंका आली होती?"

"तुझी नाही. कधी फिलोमिनाची यायची, कधी तुझ्या अण्णांची. बँकेच्या टूरवर जातात ना. सहा महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. बिचारे मला रोज विचारतात, सुम्ने का रागावतेस, उगीच का रागावतेस."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"ते नंतर बघू. कसं लागतं रे?"

"काय?"

"ज्याच्यासाठी आठ वर्षं कॅम्पला जात होतास ते."

मी खरं सांगितलं. "चांगलं लागतं."

त्यांनी मान हलवली. "ऊठ. आधी फिलोमिनाला सांग. घरच्यांचं नंतर. घरचे कुठे जात नाहीत."

स्टाफरूममध्ये फिलोमिना लिंबूभात खात होती. तिच्यासमोर उभं राहून मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी कन्नडमध्ये. तिने चमचा खाली ठेवला. "म्हणजे हे सहा महिने माझ्या डब्यावर होतं?" ती मला नाही, वहिनींना विचारत होती. वहिनी हो म्हणाल्या. फिलोमिना म्हणाली, "सुधा, आमच्याकडे ते ख्रिसमसला येतं आणि कुकरच्या सात शिट्ट्या झाल्याशिवाय माझी सासू झाकण काढू देत नाही. तुझ्या घरची मडीवाली माणसं आमच्यापेक्षा जास्त खातात की!" कोपऱ्यातले पीटीचे सर मोठ्याने हसले आणि कुणीच हसत नाही हे बघून गप्प झाले. फिलोमिनाने बदलीचा अर्ज मागे घेतला. पण तिने तो लगेच घेतला नाही, दोन आठवडे घेतले.

संध्याकाळी आईला सांगितलं. अण्णाही होता. आईने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "कोसंबरी रोज देवापुढे ठेवत होतास?"

"हो."

"आठ वर्षं?"

"हो."

आई देवघराकडे बघत बसली. मग म्हणाली, "देवाला काही झालं नाही. झालं ते तिला." आणि वहिनींना म्हणाली, "सुधा, उद्यापासून तू आत ये."

वहिनी म्हणाल्या, "नको आई. मला दाराजवळच बरं वाटतं. पंखा आहे."

त्या आत गेल्या नाहीत, आजपर्यंत गेलेल्या नाहीत. मला अर्थातच आत मज्जाव झाला. आता अण्णा मडीत भात करतो. त्याच्या भाताची चिक्की पाडता येईल. आई तो न बोलता गिळते. अण्णाने मला एवढंच विचारलं, "माझंच का घेतलंस रे?" मी म्हणालो, तुझी डबी जवळ होती. हे खरं आहे.

मॅडमना सांगणं सगळ्यात सोपं वाटलं होतं, ते सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी तो जुना रिपोर्ट काढला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली खरं काय ते माझ्याकडून लिहून घेतलं. मग विचारलं, "माझ्या सहीखाली याआधी किती वेळा असं केलंस?" मी म्हणालो, कधीच नाही. त्या म्हणाल्या, "हे मला आता कसं कळणार?" जुन्या काचा सहा महिने त्या जेवणाच्या सुटीत एकट्या पुन्हा बघत होत्या. काही सापडलं नाही. वर्षभर मी काउंटरवर होतो. डब्या देत होतो, हात कसे धुवायचे ते लोकांना दाखवत होतो. त्यानंतर मला पुन्हा सूक्ष्मदर्शकावर बसवलं. पोन्नप्पाच्या जीपमध्ये मी अजून बसतो, पण वाटेतल्या येलवालपर्यंतच. तिथे उतरतो आणि बसने परत येतो. तो याला वेडेपणा म्हणतो.

गेल्या महिन्यात वहिनींना त्याच बाजूला पुन्हा काहीतरी लागलं. मला ते कळलं नाही. रविवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक लिफाफा ठेवला. रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता, स्टँडपलीकडच्या. मी वाचला. जुन्या गाठीचा व्रण आहे, बाकी काही नाही, असं लिहिलं होतं.

"काही नाही ना?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"यातलं तू काही तपासलं नाहीस ना?"

"नाही, वहिनी. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि लिफाफा पर्समध्ये ठेवला.